येवल्याची पैठणी: हातमागाची की यंत्रमागाची, दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

वैशाखवारा, सिडको

नमस्कार मंडळी. बस्त्यासाठी एक पैठणी घ्यायची आहे, बजेट पस्तीस हजारांपर्यंत. तीन साड्या डोळ्यांसमोर आहेत आणि तिन्ही विकणारे "ओरिजिनल येवला" म्हणतात.

पहिली एका प्रदर्शनातली, साडेआठ हजार. "प्युअर सिल्क हातमाग" असं सांगतात. पदर चांगला हातभर रुंद, मोरांचा. पदराच्या मागे पातळ जाळी शिवलेली आहे, त्यामुळे मागची बाजू नीट दिसत नाही.

दुसरी मेन रोडच्या दुकानातली, बावीस हजार. सिल्क मार्कचं लेबल आहे. पदर उलटा केला तर मागे कापलेल्या धाग्यांची लव दिसते. दुकानदार म्हणतो, ही ब्रोकेड पैठणी, ती अशीच असते.

तिसरी येवल्यात थेट विणकराकडची, चौतीस हजार. मागून-पुढून जवळपास सारखीच, पण मागे बारीक गाठी आहेत आणि काठ एका ठिकाणी किंचित आत-बाहेर झालाय. जर "टेस्टेड" आहे असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, एवढे पैसे मोजून गाठी आणि खोटी जर कशाला घ्यायची?

यातली खरी कोणती, आणि तुमच्या हातात साडी दिली तर तुम्ही नेमकं काय काय बघाल?

---

धोटा_तिल्ली

तुमच्या प्रश्नात खरं म्हणजे तीन प्रश्न आहेत. रेशीम खरं आहे का, जर कोणती आहे, आणि माग कोणता आहे. बाजारात तिन्ही एकाच "ओरिजिनल" शब्दात कोंबतात आणि तिथेच माणूस फसतो. सिल्क मार्क फक्त पहिल्याचं उत्तर देतो, बाकी दोन्हींबद्दल तो काहीच बोलत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही सिल्क मार्क कायदेशीरपणे लागतो, त्यात काही खोटं नाही. तुमची दुसरी साडी अशी असू शकते.

मागाबद्दल लिहितो, कारण पैशाचा मोठा भाग तिथे जातो.

खऱ्या पैठणीच्या पदरात आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातच नाही. मोराची मान निळी असेल तर निळ्या रेशमाची तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, तेवढ्याच जागेत फिरते. तिच्या शेजारी जरीची तिल्ली असते. दोन्ही धागे सीमेवर एकमेकांत अडकतात आणि आपापल्या बाजूला परत वळतात. पुढे चोचीचा लाल, पिसाऱ्याचा हिरवा, प्रत्येकाची तिल्ली वेगळी. भरगच्च पदरात एका ओळीला अशा वीस-पंचवीस तिल्ल्या सहज लागतात आणि विणकर त्या प्रत्येक ओळीला हाताने फिरवतो. म्हणून दिवसभर बसून अवघड पदर एक-दोन इंचच पुढे सरकतो.

यातून पुढची सगळी लक्षणं आपोआप निघतात. नक्षीचा धागा नक्षीच्या बाहेर जात नसल्यामुळे मागे लोंबणारे धागे उरत नाहीत आणि मोर दोन्ही बाजूंनी मोरच दिसतो. धागा संपला, बदलला की गाठ किंवा छोटं टोक मागे राहतं, तेच तुमच्या तिसऱ्या साडीत दिसतंय. ती खोट नव्हे, कामाची खूण आहे.

जॅकार्डवर, म्हणजे नक्षीसाठी उभे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेवर, नक्षीचा रंगीत धागा पूर्ण रुंदीभर टाकला जातो. जिथे नक्षी आहे तिथे तो वर येतो, उरलेल्या जागी कापडाच्या मागे मोकळा पडून राहतो. ते मोकळे धागे अडकू नयेत म्हणून नंतर कापतात, तीच तुम्हाला दिसलेली लव. कापायचे नसतील तर मागे जाळी शिवतात. पहिल्या साडीच्या जाळीचं कारण हे. जाळीचा हेतू वाईट असतोच असं नाही, अंगठीत धागा अडकायला नको म्हणून ती लावतात. पण तिल्लीच्या पदराला जाळीची गरजच पडत नाही. जाळी दिसली की जॅकार्ड धरून चाला.

आता थोडी किचकट गोष्ट. जॅकार्ड म्हणजे यंत्रमाग असं नाही. हातमागावरही जॅकार्ड बसवतात आणि अंगभर वेलबुट्टीच्या ब्रोकेड साड्या येवल्यात तशाच होतात. तेव्हा दुसऱ्या साडीबद्दल दुकानदार खरं बोलत असेलही. पण कापलेले धागे बघून एवढंच ठरतं की ही तिल्लीची नाही. हातमाग की यंत्रमाग हे दुसरीकडे शोधावं लागतं:

काठाची अगदी बाहेरची किनार भिंगाखाली बघा. हातमागावर आडवा धागा धोट्यासोबत, म्हणजे तो धागा इकडून तिकडे वाहून नेणाऱ्या साधनासोबत, जातो आणि वळून परत येतो, म्हणून कडेला सलग वळसे दिसतात, ताण थोडा कमी-जास्त असतो. बिनधोट्याच्या आधुनिक यंत्रमागावर प्रत्येक धागा दोन्ही टोकांना कापलेला असतो. कडेला बारीक झालर तरी दिसते, नाहीतर टोकं आत दुमडलेली किंवा वेगळ्या दोऱ्याने बांधलेली. अशी कड दिसली की विषय संपला. जुन्या धोट्याच्या यंत्रमागावर मात्र कड सलगच येते, तेव्हा नुसत्या कडेवरून हातमाग सिद्ध होत नाही.

दुसरं, टाचण्यांची भोकं. विणताना कापड रुंदीत ताणून धरायला पट्टी लावतात, तिच्या टोकांना टाचण्या असतात. विणकर ती दर काही इंचांनी काढून पुढे लावतो, म्हणून किनारीला थोड्या थोड्या अंतरावर भोकांचे पुंजके दिसतात आणि अंतर नेमकं सारखं नसतं. यंत्रमागावरची ताण देणारी चाकं सतत फिरतात, त्यांच्या खुणा असल्या तर ओळीने, एकसारख्या.

---

सोपं_बोला

एवढं कशाला? मागून-पुढून सारखी दिसली की हातमाग, नाही दिसली की यंत्रमाग. आणि एखादी चूक सापडली की नक्कीच हातमाग. बायकांना दुकानात एवढंच जमतं.

---

धोटा_तिल्ली

"सारखी दिसली की हातमाग" एवढंच बरोबर, तेही फक्त पदर आणि काठापुरतं. "नाही दिसली की यंत्रमाग" हे नाही, हातमागावरच्या जॅकार्डची मागची बाजूही वेगळी दिसते. अंगावरची बुट्टी या नियमात धरू नका. तिल्लीचा पदर असलेल्या साडीतही अंगावरच्या बुट्ट्या पुष्कळदा वेगळ्या पद्धतीने भरलेल्या असतात आणि मागे धागा दिसतो. त्यावरून चांगली साडी नापास होईल.

"चूक म्हणजे हातमाग" हे तर साफ चुकीचं. यंत्रमागावरही धागा तुटतो, आडवे पट्टे येतात, डाग पडतात. फरक चुकीच्या जातीत असतो. जॅकार्डमध्ये नक्षीत चूक असेल तर ती प्रत्येक मोरात त्याच जागी पुन्हा येते, कारण नक्षी जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांमधून किंवा कॉम्प्युटरच्या फाइलमधून येते. हाताच्या कामात एका मोराचा डोळा एक धागा वर आणि शेजारच्याचा खाली. पट्टी घेऊन पदरातले दोन मोर मोजा, एक-दोन मिलिमीटरचा फरक निघाला तर नवल नाही. डाव्या-उजव्या जोडीतही तसंच. आणि निष्णात विणकराच्या साडीत हा फरक जवळजवळ शून्य असतो, तेव्हा फरक नाही म्हणून यंत्रमाग असंही म्हणता येत नाही. पुरावा म्हणजे धागा कसा वळला आहे तो.

आणि "बायकांना एवढंच जमतं" हे सोडून द्या. येवल्यात तिल्ल्या भरण्यापासून विणकामापर्यंत अर्धी कामं बायकाच करतात.

फोनने हे असं बघा. कॅमेरा मॅक्रोवर टाका, नसेल तर दहा पट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग चालेल. मोराची निळी मान जिथे संपते आणि जरीची जमीन, म्हणजे नक्षीमागची पार्श्वभूमी, सुरू होते, त्या उभ्या रेषेवर थांबा. निळा धागा आणि जर एकमेकांत कडीसारखे अडकून मागे वळताना दिसले तर तिल्लीचं काम. निळा धागा जरीच्या खालून पुढे निघून गेलेला दिसला किंवा तिथेच कापलेला असला तर जॅकार्ड. तिरप्या रेषाही बघा. हाताने विणलेल्या पैठणीत तिरपी रेष बारीक पायऱ्यांची असते, कारण नक्षी उभे धागे मोजून उचलतात.

काठालाही हाच न्याय. खऱ्या कडियल विणीत तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. अंगाचा धागा काठाच्या रेषेवर काठाच्या धाग्याला अडकून परत फिरतो. साडी उलटी करून काठ आणि अंग जिथे भेटतात तिथे नख फिरवा, सांध्याची बारीक उंचवट्याची रेघ लागते. साडी हिरवी आणि काठ लाल असेल तर लाल पट्ट्यात हिरवा आडवा धागा डोकावता कामा नये. यंत्रमागावर बहुतेक वेळा अंगाचाच धागा थेट काठाच्या टोकापर्यंत जातो आणि जर वरून जास्तीची टाकलेली असते. काठ जरा ताणला की मधून अंगाचा रंग दिसतो.

यातलं एक सावधपणाने घ्या: दुकानात "कडियल पैठणी", "महाराणी पैठणी" अशी नावं यंत्रमागाच्या मालालाही सर्रास लावतात. नावावरून काहीही ठरत नाही.

---

रंगशाळा

रेशमाचा भाग मी घेतो.

हात फिरवून, अंगठीतून काढून, चुरगळून रेशीम ओळखणं विसरा. आजचं बारीक पॉलिस्टर अंगठीतून रेशमापेक्षा सोपं जातं. चमक तर अजिबात धरू नका.

जाळून बघायची चाचणी खरी आहे, पण लोक ती अर्धीच करतात. ताणा आणि बाणा, म्हणजे उभा आणि आडवा धागा, वेगवेगळा जाळायचा असतो. उभा धागा रेशमी आणि आडवा पॉलिस्टर, किंवा उलट, असा मिश्र माल "सेमी पैठणी" म्हणून विकला जातो. एकच धागा काढून जाळलात आणि तो नेमका रेशमाचा निघाला की फसलात.

धागे ब्लाऊजपीसच्या कापलेल्या टोकाकडून घ्या, तिथे चार धागे कमी झाल्याने काही बिघडत नाही. दुकानदाराला विचारून घ्या, नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे. आठ-दहा आडवे धागे काढून पीळ द्या, दोन इंचांची वात करा. उभ्या धाग्यांची दुसरी वात. चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर जाळा, कारण पॉलिस्टरचा वितळलेला थेंब कातडीला चिकटून भाजतो.

रेशीम ज्योतीपासून आखडतं, हळूहळू जळतं, ज्योत काढली की बहुधा विझतं. वास जळक्या केसांचा. मागे काळी गोळी राहते आणि बोटात धरली की तिची पूड होते. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर सोडतं, थंड झाल्यावर टणक मणी होतो, तो बोटाने फुटत नाही. व्हिस्कोस, ज्याला बाजारात आर्ट सिल्क म्हणतात, कागदासारखं भरभर जळतं, वासही कागदाचा आणि राख हलकी करडी. ज्योत विझल्यावरही निखारा पुढे सरकत राहिला तर तेच.

वासाबद्दल शंका राहिली तर दुसरी चाचणी जास्त निर्णायक आहे. कपडे पांढरे करायचं साधं क्लोरीनचं ब्लीच, ज्यात सोडियम हायपोक्लोराइट असतं, ते काचेच्या वाटीत दोन चमचे घ्या आणि काढलेले धागे त्यात टाका. रेशीम हे प्रथिन आहे, ते विरघळून जातं. पाच मिनिटांत फरक दिसू लागतो, जाड पिळाला वीस मिनिटं द्या. पॉलिस्टर, व्हिस्कोस आणि सुताचा रंग उडेल पण धागा तसाच राहील. रंग गेला म्हणजे धागा विरघळला असं समजू नका, टूथपिकने उचलून बघा. खिडकी उघडी ठेवा आणि त्या वाटीत व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. हे सगळं सुट्या धाग्यावरच करायचं, साडीवर थेंबही उडता कामा नये.

या दोन्ही चाचण्या हातमागाबद्दल काही सांगत नाहीत. हे पुन्हा लिहितो कारण "जाळून बघितली, खरी निघाली, म्हणून येवल्याची" असं समजणारे पुष्कळ.

सिल्क मार्कबद्दल थोडं. ही योजना केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ मध्ये आणली. लेबलवर होलोग्राम आणि प्रत्येक नगाचा वेगळा क्रमांक असतो, आता क्यूआर कोडही येतो. तो दुकानातच स्कॅन करा. मात्र लेबल दोऱ्याने अडकवलेलं असतं, कापडात विणलेलं नसतं. एका साडीचं लेबल दुसऱ्या साडीला बांधायला कात्री आणि दोरा पुरतो. म्हणून लेबलचा क्रमांक बिलावर लिहून घ्यायचा. हातमागासाठी वेगळं हँडलूम मार्क आहे, २००६ पासून, आणि २०१५ पासून इंडिया हँडलूम ब्रँड. तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारी लेबलं ती आहेत. लोक मात्र सिल्क मार्क बघून समाधान मानतात.

---

नारळीकाठ

जरीबद्दल घरातल्या मोठ्यांची समजूत काढावी लागेल.

आजीच्या पेटीतल्या पैठणीची जर चांदीच्या तारेची आणि सोन्याचा मुलामा दिलेली असायची. फाटलेली पैठणी जाळून चांदी-सोनं काढून घेणारे लोक दारावर यायचे ते त्यामुळे. तीच अपेक्षा आजच्या चौतीस हजारांच्या साडीकडून ठेवली तर ती पुरी होणार नाही. आता जर मुख्यतः सुरतेहून येते आणि ढोबळमानाने तीन जातींची असते. खरी जर: चांदीची चपटी तार रेशमी दोऱ्याभोवती गुंडाळून वर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जर: तांब्याची तार, तिच्यावर चांदीचा थर आणि सोनेरी रंग. आणि प्लास्टिकची जर, म्हणजे धातूचा लेप दिलेल्या पॉलिस्टर पट्टीची.

आज येवल्यात हातमागावर विणल्या जाणाऱ्या बहुतेक पैठण्या टेस्टेड जरीच्या असतात. विणकराने ते स्वतःहून सांगितलं याचा अर्थ तो सरळ आहे. टेस्टेड म्हणजे खोटी साडी नव्हे. चौतीस हजारांत भरगच्च पदर आणि वर "चांदीची जर" कोणी सांगितली, तर मी त्याच्याकडे जास्त संशयाने बघेन.

तपासायचं असेल तर ब्लाऊजपीसच्या टोकाला काठातून जरीचा एक आडवा धागा दोन इंच काढा. आधी नखाने उलटा पीळ द्या, तार सुटते आणि आतला दोरा दिसतो. मग ती तार ज्योतीवर धरा. प्लास्टिकची असेल तर आकसून गोळी होते, तार म्हणून काही उरत नाही. तांब्याची असेल तर दोरा जळून तारेचं वेटोळं शिल्लक राहतं आणि ते काळवंडतं. चांदीची तार ज्योतीत त्या मानाने पांढरी राहते. सराफ बाजारात कॅरेट तपासायचं एक्स-रे यंत्र असलेल्या सोनाराकडे ओळख असेल तर काठ त्याखाली धरता येतो. मुख्यतः चांदी आहे का तांबं, एवढं ते यंत्र ढोबळमानाने सांगेल. टक्केवारीवर मात्र विसंबू नका, कारण जरीचा थर पातळ, खाली दोरा आणि मध्ये फटी, आकडा इकडे-तिकडे होतो.

"जर काळी पडली म्हणजे खोटी" हे खरं नाही. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, तांबंही पडतं. उलट, झगमगत राहिली म्हणून खरी असंही नाही, प्लास्टिकची जरही तशी राहते.

---

वैशाखवारा, सिडको

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पुन्हा जाऊन बघितलं.

पहिल्या साडीची जाळी कोपऱ्यात उसवून दाखवायला नकार दिला. बाहेरच्या कडेला मात्र सगळीकडे बारीक झालर आहे, फोनवर स्पष्ट दिसली. दुसऱ्या साडीची कड सलग आहे, भोकांचे पुंजके एकसारखे वाटत नाहीत. लेबल स्कॅन झालं. काठाच्या सांध्याला मागून उंचवटा लागतो. मग ही हातमागाची ब्रोकेड असू शकते ना? बावीस हजारांना घ्यावी का? आणि तिसरीचे चौतीस हजार जास्त तर नाहीत?

---

धोटा_तिल्ली

पहिलीला पूर्णविराम. झालर असलेली कड म्हणजे बिनधोट्याचा यंत्रमाग. आणि तसंही हिशेबात ती बसत नव्हती. मजुरी दिवसाला पाचशे रुपये धरा, जी कुशल हाताला कमीच आहे. हातभर रुंद म्हणजे अठरा इंचांचा मोरांचा पदर दिवसाला दीड इंचाने बारा दिवस, बाकी साडी आणि काठ आणखी आठ-दहा दिवस. वीस दिवसांचे दहा हजार झाले. त्यात अर्धा किलोच्या वरचं रेशीम, जर, रंगाई, ताणा भरण्याची आणि सांधणीची मजुरी, दुकानाचा नफा, पाच टक्के जीएसटी. साडेआठ हजारांत नुसती मजुरीसुद्धा निघत नाही. साडी म्हणून आवडली तर जरूर घ्या, दिसायला चांगल्या असतात, पण सेमी म्हणून आणि सेमीच्या भावात.

दुसरी हातमागाची ब्रोकेड असण्याची शक्यता चांगली आहे. सांध्याला उंचवटा आहे आणि भोकांचे पुंजके एकसारखे नाहीत, हे जमेचं. ती लबाडी नव्हे, वेगळ्या पद्धतीचं हातमागाचं काम आहे. फक्त तिल्लीच्या पदराचा भाव तिला देऊ नका. जॅकार्डवर पदर कितीतरी लवकर निघतो, म्हणून त्याच रुंदीच्या पदराला ती स्वस्तच पडायला हवी. नक्षी अंगभर असेल तर बावीस ठीक, नुसता पदर आणि साधे काठ असतील तर घासाघीस करा.

तिसरीचा पदर किती इंच आहे ते लिहिलं नाहीत. चाळीस इंची भरलेला पदर असेल तर नुसत्या पदराला महिन्याच्या आसपास लागतो आणि चौतीस रास्त आहे. दीड फुटाचा असेल तर जास्त वाटतो.

काठ एका जागी आत-बाहेर झालाय त्याचं कारण बहुधा ताण देणारी पट्टी पुढे सरकवायला झालेला उशीर. चार-पाच मिलिमीटरपर्यंत दुर्लक्ष करा, निऱ्यांत ते दिसतही नाही. मात्र त्या जागी उभे धागे विरळ झालेत का ते उजेडासमोर धरून बघा. विरळ झाले असतील तर तिथे पुढे साडी चिरेल, आणि तिथे भाव कमी करून मागायचा तुम्हाला हक्क आहे. गाठीही अशाच बघा: मागे असाव्यात, घट्ट असाव्यात, टोक दोन-तीन मिलिमीटरचं. अगदी मुळाशी कापलेली गाठ सुटते.

---

कच्चं_बिल_नको

वरचं सगळं बघून झालं तरी पैसे देताना "एक नग साडी" असं बिल घेऊन लोक घरी येतात. मग तक्रार कशाची करणार?

बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: हातमाग, शुद्ध रेशीम ताणा-बाणा दोन्ही, जरीची जात, आणि सिल्क मार्कचा किंवा हँडलूम मार्कचा क्रमांक. दुकानाचा जीएसटी क्रमांक छापलेला हवा. "हातमाग" हा शब्द लिहायला जो कां-कूं करतो त्याच्या तोंडी खात्रीला काही किंमत नाही. "लिहितो, पण परतावा नाही" असं म्हणाला तरी घाबरू नका. माल सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला तर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी त्याला वाचवत नाही.

पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. येवला-पैठणकडच्या विणकरांना अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. थेट विणकराकडून घेत असाल तर नोंदणी आहे का विचारा. नसली म्हणून साडी खोटी ठरत नाही, असली तर क्रमांक बिलावर घ्या.

फसवणूक झालीच तर आधी दुकानाला लेखी पत्र किंवा ईमेल, फोटोंसह. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही सुटलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात अर्ज, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. रेशमाचा वाद असेल तर घरची जळकी वात कोणी पुरावा म्हणून घेणार नाही, केंद्रीय रेशीम मंडळाच्या सिल्क मार्क केंद्रातून तपासणी अहवाल घ्या.

येवल्यात जाणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुकानाच्या दर्शनी भागात माग खटखटतोय म्हणून आतल्या कपाटातली प्रत्येक साडी त्यावरची नसते. सरळ विचारा की हीच नक्षी आत्ता कुठल्या मागावर चढली आहे. नागड्यासारख्या जवळच्या गावांत घरोघरी माग आहेत, अर्धवट विणलेला पदर मागावरच उलटून बघता येतो. व्हिडिओ कॉलवर दाखवलेला माग आणि कुरिअरने आलेली साडी यांचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही.

---

वैशाखवारा, सिडको

तिसरीचा पदर चाळीस इंची आहे, आत्ताच विचारून घेतलं. तीच घेतो. बिलावर सगळं लिहून द्यायला ते तयार आहेत. फॉल-पिको तेच करून देतो म्हणाले, आठ दिवसांनी न्यायची. चालेल ना?

---

धोटा_तिल्ली

फॉल तिथे लावू नका, किंवा लावायचाच असेल तर आधी तपासून घ्या. फॉल लागला की काठाची मागची बाजू झाकली जाते आणि पिकोत कड दुमडली जाते, म्हणजे सांधा आणि किनार दोन्ही बघायची सोय गेली.

पैसे देण्याआधी पदराच्या मागच्या बाजूचे तीन-चार फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून, ओळखू येतील अशा गाठींसह. दोन साड्यांच्या गाठी त्याच जागी येत नाहीत. ताब्यात घेताना तेच फोटो समोर धरून जुळवा, आणि काठ जिथे आत-बाहेर झालाय ती जागाही पदरापासून मोजून बिलाच्या मागे लिहून ठेवा.

---

नारळीकाठ

आणि पिको करणाऱ्याला सांगा की पदराच्या जरीवरून मशीन चालवायचं नाही. दशांकडे हाताने गोंडे घालून घ्या. मशीनच्या सुईने जरीची तार तुटते आणि तिथून ती उलगडत जाते.

---

वैशाखवारा, सिडको

ठीक. साडी तशीच आणतो, फॉल इथे सिडकोत लावून घेतो. फोटो आणि पदराचं माप उद्या टाकतो, एकदा नजर घालाल का?

---

धोटा_तिल्ली

टाका. मोराच्या मानेजवळचा एक मॅक्रो हवा, फ्लॅश बंद ठेवून, खिडकीजवळ. फ्लॅशमध्ये जर चमकते आणि धाग्यांची अडकण दिसत नाही.